बेस गिटारचं कॅबिनेट पारखताना: आधी हात, मग डोळे, शेवटी कान

दुकानात ऐकलेलं बेस गिटारचं कॅबिनेट, म्हणजे तिची स्पीकरची पेटी, बहुतेक वेळा चांगलंच वाटतं. खोली लहान असते, भिंती जवळ असतात, ॲम्प्लिफायरवर बेसचं बटण आधीच पुढे सरकवलेलं असतं आणि समोरचा माणूस ई ची, म्हणजे सर्वांत जाड, मोकळी तार छेडत असतो. छातीत धप्प झालं की सौदा ठरतो. तेच कॅबिनेट मग गडहिंग्लज किंवा आजऱ्याच्या उघड्या मैदानावर ढोलकी, ऑक्टोपॅड आणि दोन कीबोर्डांच्या शेजारी उभं राहतं, तेव्हा बेस कुठे गेला ते कळत नाही. नुसती गुरगुर ऐकू येते, स्वर कुठला ते कुणालाच समजत नाही.

कोल्हापुरात आपण खासबागेच्या कुस्त्यांत हलगी-घुमकं ऐकत मोठे होतो. घुमारा आपल्याला लगेच भावतो आणि तो भावावाच. पण कॅबिनेट घेताना या आवडीला थोडा वेळ बाजूला बसवावं लागतं. माझी कसोटी एकच आहे: कॅबिनेट स्वतःच्या पदरचं किती कमी घालतं? प्रत्येक स्वराला सारखं वजन मिळायला हवं आणि तारेवर बोट ठेवताक्षणी आवाज थांबायला हवा. पुढचं सगळं ही एक गोष्ट तपासण्यासाठीच आहे.

खर्ज किती खाली हवा, ते आधी ठरवा

चार तारांच्या बेसवर ई ची मोकळी तार ४१ हर्ट्झला (सेकंदाला ४१ कंपनांना) वाजते, ए ५५ ला, डी ७३ ला आणि जी ९८ ला. पाच तारांच्या बेसवर सर्वांत खालची बी ३१ हर्ट्झला असते. हे आकडे पाहून अनेकांना वाटतं की कॅबिनेट ३० हर्ट्झपर्यंत गेलंच पाहिजे. प्रत्यक्षात बेसच्या बहुतेक नावाजलेल्या कॅबिनेटांचा आवाज ५० ते ६० हर्ट्झच्या खाली पडू लागतो. १९६९ मध्ये आलेल्या अँपेग कंपनीच्या एसव्हीटी ॲम्प्लिफायरबरोबरचं, दहा इंचांचे आठ स्पीकर असलेलं कॅबिनेट घ्या. आजच्या एसव्हीटी-८१०ई मॉडेलच्या माहितीपत्रकात ५८ हर्ट्झला ३ डेसिबलची (डेसिबल हे आवाजाच्या पातळीचं माप) उतरण आणि ४० हर्ट्झला १० डेसिबलची उतरण दिलेली आहे. तरीही त्याचा आवाज भरदार वाटतो, कारण ई च्या स्वरात ४१ बरोबर ८२, १२४ आणि १६५ हर्ट्झचे उपस्वरही असतात आणि त्यांच्यावरून कान मूळ स्वर ओळखतो.

म्हणून कागदावरचा सर्वांत खालचा आकडा वाचताना शेजारी 'उणे ३ डेसिबल' लिहिलंय की 'उणे १०' ते पाहा. काहीच लिहिलेलं नसेल तर त्या आकड्यावर विसंबू नका. ८० ते ४०० हर्ट्झच्या पट्ट्यात कॅबिनेट किती स्वच्छ आहे, याने बेसचा आवाज जास्त ठरतो, असं माझं ठाम मत आहे.

आणखी एक नियम लक्षात ठेवला की विक्रेत्याची निम्मी बडबड आपोआप गळून पडते. केएलएच या अमेरिकन कंपनीच्या संस्थापकांपैकी एक असलेल्या जे. अँटन हॉफमन यांच्या नावाने तो ओळखला जातो. लहान पेटी, खोल खर्ज आणि कमी वॅटमध्ये मोठा आवाज, या तिन्हींपैकी दोनच मिळतात. तिसऱ्यावर पाणी सोडावं लागतं. एक बारा-इंची स्पीकर असलेली चिमुकली पेटी तिन्ही देते असं कुणी सांगितलं, तर ती यांतलं काय देत नाही ते शोधायचं काम तुमचं.

वॅट, ओहम आणि डेसिबल

वॅटचा आकडा सर्वांत मोठ्या अक्षरात छापतात आणि तोच सर्वांत कमी कामाचा असतो. पीक वॅट (क्षणभराचा कमाल आकडा) सोडून द्या, आरएमएस किंवा एईएस पद्धतीचा, म्हणजे सलग सोसण्याचा, आकडा विचारा. तोही स्पीकरची कॉइल, म्हणजे आतलं तारेचं वेटोळं, किती उष्णता सोसेल एवढंच सांगतो. बेसमध्ये स्पीकर बऱ्याचदा उष्णतेआधी हालचालीने हरतो. तेवढाच आवाज एक सप्तक खाली काढायचा तर कोनला, म्हणजे स्पीकरच्या हलणाऱ्या पडद्याला, चौपट हलावं लागतं. त्यामुळे ४०० वॅटचा म्हणवणारा स्पीकर ४० हर्ट्झच्या आसपास त्याच्या निम्म्याहून कमी वॅटमध्येच आपल्या मर्यादेला टेकू शकतो. माहितीपत्रकात 'एक्समॅक्स' नावाचा मिलिमीटरमधला आकडा असतो, तो कोनची ही मोकळीक सांगतो. दोन स्पीकर बाकी सारखे असतील तर हा आकडा जास्त असलेला घ्या.

सेन्सिटिव्हिटी म्हणजे १ वॅट दिल्यावर १ मीटरवर किती डेसिबल आवाज येतो ते. ३ डेसिबलचा फरक म्हणजे ॲम्प्लिफायरच्या दुप्पट वॅटचा फरक. ९७ डेसिबलच्या कॅबिनेटला ४०० वॅट लागतील तिथे १०० डेसिबलचं कॅबिनेट २०० मध्ये भागवतं. एक सावधगिरी हवी. स्पीकरच्या मधल्या पट्ट्यात उंचवटा असेल तर हा आकडा फुगतो आणि खर्जात तोच स्पीकर बराच मागे असतो. म्हणून ही तुलना एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांमध्ये करावी. दोन वेगळ्या कंपन्यांचे आकडे शेजारी ठेवून फारसं हाती लागत नाही.

ओहम म्हणजे विजेला होणाऱ्या रोधाचं माप. त्याचा हिशेब सरळ आहे. ८ ओहमची दोन कॅबिनेटं जोडली की ४ होतात, ४ ची दोन जोडली की २. आजचे अनेक हलके ॲम्प्लिफायर ४ च्या खाली चालत नाहीत. पुढे दुसरं कॅबिनेट घ्यायचा विचार असेल तर आज ८ ओहमचंच घ्या.

पेटी: उचला, ठोका, दाबा

आता कॅबिनेटजवळ जा. आधी उचलून बघा. वजन जास्त म्हणजे माल चांगला, हे समीकरण आता उरलेलं नाही. निओडिमियम मॅग्नेटचे स्पीकर जुन्या फेराइटच्या स्पीकरांपेक्षा बरेच हलके असतात आणि आडव्या-उभ्या पट्ट्या नीट घातलेली १२ मिलिमीटर प्लायची पेटी, पट्ट्या नसलेल्या १८ मिलिमीटरच्या पेटीपेक्षा ताठ असू शकते. उचलताना हँडल बघा. धातूचं आणि नटबोल्टने कसलेलं हवं. वजनाचा तोल हँडलच्या रेषेत यायला हवा, नाहीतर नाट्यगृहाच्या मागच्या जिन्यावर मनगट जाईल.

मग मुठीच्या सांध्याने ठोका. कुंभाराकडे माठ घेताना ठोकतो तसंच, फक्त इथे उलटं हवं: घुमणारा माठ चांगला आणि न घुमणारी पेटी चांगली. दोन्ही बाजू, वरचा भाग आणि विशेषतः पाठ, प्रत्येक फळीच्या मध्यावर ठोका. आखूड, कोरडा 'टक्' आला की आतून आधार आहे. 'ढूब' असा लांबणारा आवाज आला तर ती फळी तुमच्या प्रत्येक स्वराबरोबर स्वतःही वाजणार. पाठीची फळी सर्वांत मोठी असते आणि पैसे वाचवायचे झाले की तिथेच वाचवले जातात.

लाकूड कुठलं ते बाहेरच्या गालिच्याखाली किंवा रंगाखाली दिसत नाही. पोर्टची, म्हणजे पेटीतली हवा ये-जा करणाऱ्या भोकाची, कड किंवा जॅकच्या पट्टीमागचा कापलेला भाग बघा. तिथे प्लायचे थर मोजता येतात. थर बारीक आणि एकसारखे हवेत, मध्ये पोकळ्या नकोत. थरच दिसत नसतील आणि तपकिरी सपाट कड दिसली तर ते एमडीएफ (लाकडाचे बारीक तंतू दाबून केलेली फळी) आहे, भुसा दाबल्यासारखं खडबडीत दिसलं तर पार्टिकल बोर्ड. एमडीएफ आवाजाला वाईट नाही, घरच्या हायफाय पेट्या त्याच्याच असतात. पण ते जड असतं, कोपऱ्यावर आपटलं की चुरतं आणि पाणी प्यायलं की फुगतं. आपल्याकडे जून ते सप्टेंबर काय असतं ते वेगळं सांगायला नको. बाहेरगावी फिरणाऱ्या कॅबिनेटला मी एमडीएफ सुचवणार नाही. पार्टिकल बोर्ड तर घरातल्या सरावालाही घेऊ नका.

पुढे तळ आणि कोपरे. कोपऱ्याला धातूचे किंवा जाड प्लास्टिकचे टोप, खाली रबराचे जाड पाय हवेत. चाकं असतील तर ती काढता येणारी बरी, कारण ती मंचावर खडखडतात. समोरची जाळी तळहाताने दाबा. ती आत जाऊन कोनला टेकत असेल किंवा कडेला सैल असेल तर ई च्या तारेवर ती हमखास कुरकुरणार. स्पीकरची जोडणी स्पीकॉन प्रकारची (फिरवून अडकणारी) असली तर उत्तम. नुसता पाव इंची जॅक असेल तर चालू ॲम्प्लिफायरवर तो ओढताना शॉर्ट होऊ शकतो. आणि गिटारची वायर स्पीकरला कधीही लावू नका. किमान दीड चौरस मिलिमीटर तांब्याची दोन पदरी वायर लागते, ४ ओहमला आणि लांब अंतराला अडीचची.

स्पीकर उघडून बघायची परवानगी मागा

इथे बहुतेक जण बुजतात. जुनं कॅबिनेट घेताना तर एक स्पीकर काढून आत बघितल्याशिवाय पैसे देऊच नयेत. विकणारा सरळ असेल तर त्याला यात काही वावगं वाटणार नाही.

स्क्रू फिरवतानाच पहिली गोष्ट कळते. स्पीकर टी-नट (लाकडात रुतवलेला धातूचा नट) आणि बोल्टने बसवला असेल तर तो अनेकदा काढून परत घालता येतो. लाकडात थेट स्क्रू मारले असतील तर दोन-चार वेळा उघडल्यावर भोकं सैल होतात आणि मग स्पीकर स्वतःच थरथरतो. स्पीकरच्या कडेखाली रबराची किंवा फोमची अखंड पट्टी हवी.

स्पीकरचा सांगाडा दोन प्रकारचा असतो: ओतीव ॲल्युमिनियमचा किंवा दाबलेल्या पत्र्याचा. हा फरक कोल्हापूरकराला सांगावा लागत नाही. उद्यमनगरात किंवा शिरोलीच्या फाउंड्रीत काम केलेला तुमच्या घरातला कुणीही एका नजरेत तो ओळखेल. ओतीव सांगाडा जड मॅग्नेट नीट पेलतो आणि आपटला तरी सहसा वाकत नाही. पत्र्याचा सांगाडा आदळआपटीत किंचित मुरडला की कॉइल घासायला लागते. तरी पत्र्याचा म्हणून लगेच नाकारू नका. अँपेगच्या त्या आठ स्पीकरांच्या पेटीच्या परंपरेतली अनेक आवडती कॅबिनेटं पत्र्याच्या सांगाड्यावरच वाजत आली आहेत.

कॉइल घासते का ते असं बघा. दोन्ही हातांची बोटं कोनच्या मध्याभोवती सारख्या अंतरावर ठेवा आणि अगदी हळू, सरळ आत दाबा. खरखर जाणवली किंवा ऐकू आली तर तो स्पीकर नको. एका बाजूने दाबलं तर चांगला स्पीकरही घासतो, म्हणून दाब सारखा हवा. कोनच्या कडेला घडीची कापडी पट्टी असेल तर ती वर्षानुवर्षं टिकते. फोमची असेल तर नखाने हलकं टोचून बघा. जुना फोम भुरभुरतो, आणि दमट हवेत लवकर.

कोन किंवा कॉइल बदलली आहे का, हे मध्यावरच्या टोपीभोवतीच्या गोंदावरून कळतं. कारखान्यातला गोंद एकसारखा असतो, हाताने लावलेला कुठे जाड, कुठे पातळ. दुरुस्ती झालेला स्पीकर वाईट असतोच असं नाही. पण चार स्पीकरांतला एकच बदललेला असेल आणि त्याचा कोन जाडीला वेगळा असेल तर तो उरलेल्या तिघांबरोबर हलत नाही आणि खर्ज पोकळ होतो.

आता टॉर्च लावून पेटीत बघा. समोरच्या आणि मागच्या फळीला जोडणारी आडवी पट्टी आहे का? कोपऱ्यांचे सांधे खाचा पाडून जोडलेत की नुसते टोकाला टोक लावून? गोंद सांध्यातून सलग बाहेर आलेला दिसायला हवा. भिंतींना लोकरीसारखा किंवा फोमचा थर असेल तर मधल्या पट्ट्यातली प्रतिध्वनीची कटकट कमी होते. ट्विटर, म्हणजे वरच्या स्वरांचा छोटा स्पीकर, असेल तर त्याच्या वायरीचा माग काढा. ती एका कपॅसिटरवरच संपत असेल तर ट्विटरची व्यवस्था कामचलाऊ आहे. कॉइल, कपॅसिटर आणि रेझिस्टर बसवलेली पट्टी दिसली तर कुणीतरी त्यावर विचार केला आहे. ट्विटरचा आवाज कमी-जास्त करायचं बटण पाठीमागे हवंच, कारण स्लॅप (अंगठ्याने तार ठोकून) वाजवताना तो हवासा वाटतो आणि भावगीताला नको होतो.

मल्टिमीटर, बॅटरी आणि उदबत्ती

तीन स्वस्त वस्तू खिशात ठेवा.

मल्टिमीटर ओहमवर लावून जॅकवर मोजा. ८ ओहमचं कॅबिनेट साडेपाच ते सात दाखवतं, ४ ओहमचं तीन ते पावणेचार. मीटर नेहमी छापील आकड्यापेक्षा कमीच दाखवतो, त्यात दोष नाही. ८ ओहमच्या चार स्पीकरांच्या पेटीवर अकरा-बारा दिसले तर समजा की एक कॉइल तुटली आहे आणि तिच्याबरोबरच्या जोडीदारालाही वीज मिळत नाही. दोनच स्पीकर वाजत आहेत.

९ व्होल्टच्या बॅटरीची धन बाजू जॅकच्या धन टोकाला आणि ऋण बाजू ऋण टोकाला क्षणभरच टेकवा. सगळे कोन एकाच दिशेला, बाहेर, उडी मारायला हवेत. एखादा आत गेला तर त्याच्या तारा उलट जोडल्या आहेत. असा एक उलटा स्पीकर सरळ वाजणाऱ्यांचा खर्ज खातो. उपाय दोन मिनिटांचा असतो, पण आधी तो ओळखावा लागतो.

उदबत्ती लावा आणि ॲम्प्लिफायरवरून ई चा मोकळा स्वर मध्यम आवाजात चालू ठेवा. धूर सांध्यांपाशी, जॅकपाशी, हँडलच्या खाचेपाशी आणि स्पीकरच्या कडेने फिरवा. कुठे धूर थरथरला किंवा फुंकर मारल्यासारखा फाटला तर तिथून हवा गळते. बंद पेटीत हे फार महत्त्वाचं आहे. पोर्ट असलेल्या पेटीत धूर फक्त पोर्टपाशी हलायला हवा.

एक-एक कंप वर चढवत

फोनवर ध्वनीलहरी तयार करणारं ॲप घ्या आणि फोन ॲम्प्लिफायरला जोडा. आवाज कमी ठेवा. ३० हर्ट्झपासून हळूहळू २०० पर्यंत चढा आणि कॅबिनेटपाशी बसून ऐका. कुठल्या आकड्यावर काय खडखडतं ते लिहून काढा. कधी जाळी असते, कधी हँडल, कधी आत सुटलेली वायर. पण ऐकण्याआधी ॲम्प्लिफायर कॅबिनेटवरून उतरवून जमिनीवर ठेवा, खोलीतले स्नेअर ड्रमचे तार सैल करा आणि खिडक्यांच्या काचांकडे लक्ष द्या. दोष कॅबिनेटवर टाकण्याआधी खोली निर्दोष ठरवावी लागते.

पोर्टच्या पेटीत याच वेळी आणखी एक गोष्ट दिसते. एका ठराविक आकड्यावर कोन जवळजवळ थांबतो आणि पोर्टमधून हवा सर्वांत जोरात येते. ते त्या पेटीचं ट्यूनिंग. बेससाठी ते ४० ते ५० च्या आसपास असणं सोयीचं. ते ७० ला सापडलं तर पेटी नुसतं धप्प करायला बनवलेली आहे, स्वर वाजवायला नाही. या आकड्याच्या खाली मात्र कोनला हवेचा आधार उरत नाही आणि तो सुटतो. म्हणून पाच तारांचा बेस वाजवणाऱ्याने ॲम्प्लिफायरमध्ये ३० ते ३५ हर्ट्झच्या खालचं कापणारा फिल्टर ठेवावा. मोठ्या आवाजात पोर्टमधून 'फस्स' येत असेल तर भोक लहान आहे. त्याला दुरुस्ती नाही.

५० हर्ट्झपाशी जरा थांबा. आपल्या घरच्या विजेची गुणगुण याच आकड्यावर असते आणि ई च्या तारेवरचा तिसऱ्या फ्रेटचा (फ्रेट म्हणजे बेसच्या मानेवरची धातूची पट्टी) जी ४९ वर. कॅबिनेट इथे फुगत असेल तर मंडपातल्या जनरेटरवर प्रत्येक कार्यक्रमात हूं-हूं ऐकावी लागेल.

आता बेस हातात घ्या

ॲम्प्लिफायरची सगळी बटणं मध्यावर ठेवा, कॉम्प्रेसर (आवाजातले चढउतार आपोआप कमी करणारी सोय) बंद करा, स्वतःचा बेस आणि स्वतःची वायर वापरा. कॅबिनेट भिंतीपासून दूर, खोलीच्या मध्याच्या जरा बाजूला ठेवा. कोपऱ्यात ठेवलेलं कॅबिनेट खर्जात फुगतं. भिंतीपासून मीटरभर पुढे ठेवलं तर मागून परतणारा आवाज ८५ हर्ट्झच्या आसपास मूळ आवाजाला खाऊ शकतो. म्हणून दोन कॅबिनेटांची तुलना करायची तर दोन्ही एकामागून एक त्याच जागेवर ठेवावीत. शेजारी-शेजारी ठेवून केलेली तुलना फसवी असते.

पहिलं काम: ई च्या मोकळ्या तारेपासून बाराव्या फ्रेटपर्यंत एक-एक फ्रेट चढत जा, तीच बोटं, तोच जोर. मग बाकीच्या तारांवर. कुठला स्वर अचानक उसळतो, कुठला बुडतो? दोन-तीन पावलं सरकून पुन्हा वाजवा. जागा बदलल्यावर उसळी दुसऱ्या स्वरावर गेली तर ती खोलीची. त्याच स्वरावर राहिली तर पेटीची. हा एकच प्रयोग नीट केला तर निम्मा निर्णय होतो.

दुसरं: तोच स्वर दोन ठिकाणी. ए ची मोकळी तार आणि ई वरचा पाचवा फ्रेट. तारेच्या जाडीमुळे रंग बदलेल, वजन बदलता कामा नये.

तिसरं: आखूड वाजवा. स्वर काढा आणि लगेच तळहाताने तार दाबा. शांतता लगेच आली का, की मागे शेपूट राहिलं? लावणीच्या ठेक्यात ढोलकीच्या दोन थापांमध्ये बेस थांबलाच नाही तर सगळी लय चिखलात जाते. हे शेपूट दुकानात सुखद वाटतं. म्हणूनच ते मुद्दाम शोधायला हवं.

चौथं: वरच्या फ्रेटवर डी आणि जी च्या तारांवर दोन-दोन स्वर एकत्र धरा. दोन्ही वेगळे ऐकू आले तर मधला पट्टा स्वच्छ आहे. माझा सर्वाधिक विश्वास याच चाचणीवर आहे, कारण खर्ज बटणाने वाढवता येतो पण मधली घाण बटणाने जात नाही.

पाचवं: मित्राला वाजवायला लावा आणि बाजूला चालत जा. मोठा स्पीकर वरचे स्वर समोरच फेकतो. पंधरा-इंची एकट्या स्पीकरसमोर उभं राहिलं की बोटांचा आवाज येतो, बाजूला गेलं की नुसता खर्ज उरतो. दोन दहा-इंची स्पीकर शेजारी-शेजारी असतील तर बाजूला ऐकणाऱ्याला वरचे स्वर खाल्लेले मिळतात. तीच पेटी उभी केली, म्हणजे एकावर एक स्पीकर आले, की मंचावरच्या सगळ्यांना बेस जवळजवळ सारखा मिळतो. अशा पेटीला दोन्ही बाजूंनी पाय आहेत का ते बघा.

तुलनेत सर्वांत मोठी फसवणूक आवाजाच्या पातळीची असते. जे जरा मोठं वाजतं तेच कानाला चांगलं वाटतं. फोनवरचं डेसिबल मोजणारं ॲप खर्जात अचूक नसतं, पण त्याच फोनने त्याच जागेवर दोन्ही पातळ्या जवळपास आणता येतात. मग मित्राने अदलाबदल करावी आणि तुम्ही पाठ करून ऐकावं. कंपनीचं नाव डोळ्यांना दिसलं नाही की कान मोकळा होतो. पातळीही कार्यक्रमातलीच ठेवा. हळू आवाजात माणसाचा कान खर्ज कमी ऐकतो, त्यामुळे हळू वाजवून निवडलेलं कॅबिनेट मोठ्याने वाजवल्यावर फुगलेलं निघतं.

दम किती आहे

आवाज हळूहळू वाढवा, खालच्या फ्रेटवर जोरात वाजवत. एका जागी आवाज 'फर्र' किंवा 'फाट्' करायला लागेल. ॲम्प्लिफायरचा क्लिपचा (ताकदीची मर्यादा ओलांडल्याचा) दिवा लागला असेल तर तो ॲम्प्लिफायरचा दोष. दिवा शांत असताना फाटलं तर स्पीकर संपला. तिथून मागे या आणि ती पातळी तुमच्या कार्यक्रमाला पुरते का ते ठरवा. त्यानंतर अर्धा तास सलग वाजवा. कॉइल तापली की तिचा रोध वाढतो आणि आवाज दोन-तीन डेसिबल खाली येऊ शकतो. चांगल्या स्पीकरमध्ये ही घट कमी असते. पाच मिनिटांच्या चाचणीत ती कधीच दिसत नाही.

जमलं तर ड्रमर आणि कीबोर्डवाला बोलवा आणि गच्चीवर किंवा अंगणात एकदा तरी ऐका, रात्री दहाच्या आत. उघड्यावर खोलीचा आधार जातो आणि अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबल पडतो. मीटरभर अंतरावर छाती हलवणारं कॅबिनेट आठ मीटरवर १८ डेसिबल खाली गेलेलं असतं. आपले बरेचसे कार्यक्रम मैदानावर होतात. निर्णय तिथल्या आवाजावर घ्यावा.

सुताराकडून करून घेत असाल तर

आपल्याकडे हा मार्ग चांगला आहे. सुतारकाम उत्तम होतं आणि पैसे वाचतात. चूक एकाच जागी होते: दुसऱ्या कुणाच्या पेटीची मापं घेऊन त्यात आपला वेगळा स्पीकर बसवला जातो. ध्वनी-अभियंते नेव्हिल थील यांचा १९६१ चा निबंध आणि त्यानंतर १९७० च्या दशकात रिचर्ड स्मॉल यांनी केलेलं काम, यांमुळे पेटीचं आकारमान स्पीकरच्या आकड्यांवरून काढता येतं. स्पीकरच्या माहितीपत्रकातले एफएस (स्पीकरची स्वतःची कंपनसंख्या), क्यूटीएस (त्याचं कंपन किती लवकर विझतं) आणि व्हीएएस (त्याच्या लवचिकतेइतकी हवा) हे तीन आकडे घ्या, विनआयएसडी नावाच्या मोफत प्रोग्रॅममध्ये भरा आणि मग आतलं माप ठरवा. आतल्या मापातून पट्ट्या, पोर्ट आणि स्पीकरची जागा वजा करायला विसरू नका. आकडे छापलेलेच नसतील असा स्पीकर बेससाठी घेऊ नका.

प्लायवर आयएस ७१० चा शिक्का असेल तर ते मरीन प्लाय, ७२ तास उकळून तपासलेलं. आयएस ३०३ चं बीडब्ल्यूआर (उकळत्या पाण्यात टिकणारं) प्लायही चालतं. नुसतं 'कमर्शियल' म्हणून मिळतं ते कोकणात उतरणाऱ्या कॅबिनेटला नको. सुताराला तीन गोष्टी निक्षून सांगा: सांधे खाचेत, गोंद सलग, पाठीला आतून पट्टी. कोपरे गुण्याने (काटकोन मोजायच्या पट्टीने) तपासून घ्या.

पुराचं पाणी

२०१९ आणि २०२१ च्या पंचगंगेच्या पुरानंतर जुन्या सामानाच्या व्यवहारात एक तपासणी वाढवायलाच हवी. तळाची फळी बाहेरून नखाने दाबा, कोपऱ्यात सोललेले थर शोधा, स्क्रूची डोकी आणि मॅग्नेटच्या पाठची प्लेट गंजली आहे का बघा. आतला फोम हुंगा. कुबट वास लपत नाही. स्पीकर आडवा-उभा करून हलवा. कॉइलच्या खाचेत गाळ गेला असेल तर दाबताना दळल्यासारखी खरखर जाणवते. अशा कॅबिनेटचा सौदा फक्त पेटीचा किंवा फक्त हार्डवेअरचा म्हणूनच करावा.

घेतल्यावर जाड कापसी अस्तराचं, बाहेरून पाणी न धरणारं कव्हर शिवून घ्या आणि टेम्पोत कॅबिनेट पाठीवर न झोपवता उभंच बांधा. फोंडा किंवा करूळ घाटाची पहिली फेरी झाली की स्पीकरचे, हँडलचे आणि जाळीचे सगळे स्क्रू हाताने एकदा आवळा. बोल्ट समोरासमोरचे आलटून-पालटून घट्ट करत जा, म्हणजे सांगाडा मुरडणार नाही.